ओळखीचे चेहरे, अनोळखी मूळ चित्रे

सोमवार : आठवा हेन्री

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री कसा दिसत होता, हे ज्याने लंडन कधी पाहिलेले नाही तोही सांगू शकतो. पाय फाकवून उभा असलेला, रुंद खांद्यांचा, समोरच्यावर नजर रोखलेला तो राजा छापील रूपात जगभर पोचलेला आहे. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या ट्यूडर दालनात मात्र हान्स होल्बाइनच्या हातचा जो मूळ आराखडा ठेवला आहे, त्यात राजाचा चेहरा किंचित एका बाजूला वळलेला आहे. कागदाचे अनेक ताव जोडून केलेला, अडीच मीटरहून उंच असा हा आराखडा व्हाइटहॉल राजवाड्यातील भित्तिचित्रासाठी होता आणि रेषांच्या कडेने सुईने पाडलेली बारीक छिद्रे जवळून पाहिल्यावर आजही दिसतात. १५३७ साली प्रत्यक्ष भिंतीवर रंगवताना होल्बाइनने तो चेहरा सरळ समोर आणला. १६९८ च्या आगीत राजवाड्याबरोबर ती भिंतही गेली. आपल्या स्मरणात ठसलेला समोर पाहणारा हेन्री त्यामुळे होल्बाइनच्या हातचा उरलेलाच नाही. तो नकलांमधून आलेला आहे. दुसऱ्या चार्ल्सने १६६७ साली रेमिगियस व्हान लीम्पुटकडून करून घेतलेली लहान प्रत ही त्यांपैकी एक. पुस्तकांत छापले जाते ते अशा नकलांचे छायाचित्र, म्हणजे नकलेची नकल.

माझ्याबरोबर ताई होती. तिने आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आणि वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या छापील चेहऱ्यांच्या आधारेच शिकवला. त्या चेहऱ्यांची मूळ चित्रे एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढ्यासाठीच आम्ही हा प्रवास आखला होता. एप्रिल महिना असूनही बाहेर बोचरी थंडी होती आणि सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती, त्यामुळे दालनात गर्दी बरीच होती. आराखड्याजवळच्या रक्षकाने आपणहून आमच्याशी बोलणे काढले. अनेक लोक या कागदासमोर उभे राहून "खरा हेन्री कुठे आहे?" असे विचारतात, असे त्याने सांगितले. ताईने त्यावर त्याला विचारले, "मग तुम्ही काय सांगता?" तो म्हणाला, "जो उरला आहे तो हाच, असे सांगतो. पण लोकांचा विश्वास बसत नाही."

त्याच मजल्यावर पहिल्या एलिझाबेथचे सुमारे १५७५ सालचे, डार्नली या नावाने ओळखले जाणारे चित्र आहे. राणीचा चेहरा त्यात चुन्यासारखा पांढरा दिसतो आणि 'मुखवटा घातलेली राणी' ही आपली कल्पना बरीचशी या चित्रावरून घडलेली आहे. गॅलरीच्या तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीत असे आढळले की, चेहऱ्यातील तांबडा रंग काळाच्या ओघात उडून गेला आहे आणि रंगवला तेव्हा हा चेहरा पुष्कळ अधिक गुलाबी होता. वस्त्रांवरचा किरमिजी रंगही असाच करपून तपकिरी झाला आहे. राणी प्रत्येक चित्रकारासमोर बसत नसे, म्हणून या चेहऱ्याचा नमुना पुढच्या अनेक चित्रांत उतरवला गेला. पुढे छायाचित्रे काढली गेली ती रंग उडाल्यानंतरची, आणि उडालेल्या रंगाची ती फिकट राणी छापून छापून कायमची झाली. माझ्या मते कोणत्याही छापील व्यक्तिचित्राखाली चित्र रंगवल्याचे वर्ष असते, तसे छायाचित्र काढल्याचे वर्षही द्यायला हवे.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. गॅलरीत प्रवेश विनामूल्य आहे, पण खास प्रदर्शनांना तिकीट लागते. ट्यूडर काळापासून सुरुवात करायची असेल तर सरकत्या जिन्याने आधी सर्वांत वर जावे आणि मग खाली उतरत यावे. शुक्रवारी आणि शनिवारी गॅलरी रात्री नऊपर्यंत उघडी असते आणि संध्याकाळी गर्दी ओसरते.

मंगळवार : सवाई माधवराव आणि नाना

युस्टन स्थानकाजवळच्या एका शांत रस्त्यावर रॉयल एशियाटिक सोसायटीची इमारत आहे. संस्था १८२३ सालची. इथे जायचे तर आधी पत्र पाठवून वेळ ठरवून घ्यावी. आम्ही काही आठवडे आधी लिहिले होते आणि उत्तर फार सौजन्याने आले.

जेम्स वेल्सने १७९२ साली रंगवलेले सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचे तैलचित्र या संस्थेच्या संग्रहात आहे. वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार. तो १७९१ साली मुंबईत आला, पुण्याच्या दरबारात त्याने काम केले आणि १७९५ साली त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. चित्रातले पेशवे अठरा वर्षांचे आहेत. हे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. पण आपण ते पाहिलेले असते ते बोटभर आकारात, करड्या रंगात आणि बहुतेक वेळा कापून. पेशव्यांच्या धड्यात पेशवे आणि कारभाऱ्याच्या धड्यात नाना. मूळ कॅनव्हासवर ते दोघे एकाच बैठकीवर आहेत, मागे सेवक उभे आहेत आणि चित्राचा सारा अर्थ त्या दोघांच्या जवळिकीत आहे. तरुण पेशव्यांच्या अंगावरचे मोती आणि शेजारी बसलेल्या नानांचा साधेपणा एका नजरेत पाहिल्यावर सत्ता कोणाच्या नावाची आणि कारभार कोणाच्या हातचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. कात्रीने ते दोघे वेगळे केले की हाती राहतात दोन स्वतंत्र थोर पुरुष, आणि त्यांच्यातले नाते गळून पडते.

ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मी इतकी वर्षे नाना शिकवले, पण पेशव्यांच्या शेजारी बसलेले नाना मी मुलांना कधी दाखवलेच नाहीत. पुस्तकात नव्हतेच ते." मराठी घरांत पेशवाईतले पुरुष पोचले ते मुख्यतः छापखान्यांमुळे. पुण्यात १८७८ साली निघालेल्या चित्रशाळा छापखान्याने ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे काढली, ती भिंतींवर लागली आणि पुढे पाठ्यपुस्तकांतही तीच सवय चालू राहिली. एक चौकट आणि तिच्यात एकच पुरुष. देवाच्या तसबिरीशेजारी लावायला हे सोयीचे होते, पण इतिहास समजायला ते अपुरे होते असे मला वाटते.

दुपारी टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात गेलो. तिथे थॉमस डॅनियलचे १८०५ सालचे मोठे चित्र आहे. पेशव्यांकडे नेमलेला इंग्रजांचा राजकीय प्रतिनिधी चार्ल्स मॅलेट पुण्याच्या दरबारात १७९० चा टिपूविरुद्धचा तह करीत आहे, असा प्रसंग त्यात आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने ज्या वेल्सच्या रेखाटनांवरून हे चित्र केले, तो वेल्सही तहानंतर वर्षभराने हिंदुस्थानात आला. चित्र करवून घेणारा स्वतः मॅलेट होता आणि १७९९ साली त्याने वेल्सच्या मुलीशी लग्न केले होते. असे असूनही या चित्राच्या आणि त्यावरून निघालेल्या छापांच्या प्रती शनिवारवाड्याच्या अंतर्भागाचा पुरावा म्हणून सर्वत्र वापरल्या जातात, कारण १८२८ च्या आगीत तो वाडा जळाला आणि ताडून पाहायला काही उरले नाही. व्हाइटहॉल आणि शनिवारवाडा या दोन्ही जागा आज आपल्याला चित्रांवरूनच माहीत आहेत. पुस्तकातल्या इंचभर छायाचित्रात हा दरबार एखाद्या बातमीच्या चित्रासारखा खरा वाटतो. समोर उभे राहिले की मात्र प्रत्येक माणसाला नीट दिसेल असे बसवलेले आहे, हे जाणवते. वेल्सच्या रेखाटनांमुळे यातील चेहऱ्यांना मोल आहे. पण प्रसंगाची मांडणी मॅलेटला जशी हवी होती तशी आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच हे चित्र वापरावे.

बुधवार : व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय

दिवसभर पाऊस लागला होता, म्हणून संग्रहालयाबाहेर पडावेसे वाटले नाही. चित्रांची छायाचित्रे काढण्याचा उद्योग जिथे पद्धतशीरपणे सुरू झाला, त्या थोड्या जागांपैकी ही एक. १८५६ साली इथे चार्ल्स थर्स्टन थॉम्पसन याची छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. १८५८ साली त्याने इटालियन चित्रकार राफाएलच्या प्रचंड आराखड्यांची छायाचित्रे काढली. संग्रहातील वस्तूंची छायाचित्रे सामान्य माणसाला विकत घेता यावीत, असा संस्थेचा हेतू होता. ज्याला लंडनला येणे शक्य नाही त्याच्यापर्यंत कला पोचावी, ही त्यामागची भावना मला मनापासून आदरणीय वाटते.

छायाचित्रणाच्या दालनातील एका स्वयंसेविकेने आम्हांला ज्यांवर पूर्वी छायाचित्र टिपले जाई त्या जुन्या काचांविषयी फार छान समजावून सांगितले. १८५१ नंतर रूढ झालेल्या कलोडियन या द्रवाचा थर दिलेल्या ओल्या काचेला निळा प्रकाश चांगला टिपता येई, पण तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळे वस्त्र पांढुरके उमटे आणि तांबडा झगा काळाठिक्कर होई. गालांवरची लाली डागासारखी गडद दिसे, पिवळट पडलेले वार्निश सगळ्या चेहऱ्यावर सावली धरी आणि हसरा माणूस कठोर भासे. १८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेलने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाशही टिपता येतो हे दाखवले, तेव्हा सुधारणेला सुरुवात झाली. त्याआधी अनेक छायाचित्रकार तैलचित्राऐवजी त्यावरून केलेल्या कोरीव छापाचेच छायाचित्र काढणे पसंत करीत, कारण काळ्या-पांढऱ्या रेषा काचेवर स्वच्छ उमटत. म्हणजे कोरणाऱ्या कारागिराने नाक सरळ केले असेल, तर छायाचित्रातही ते सरळच येणार. आणि छायाचित्र खोटे बोलत नाही या विश्वासामुळे त्या सरळ नाकाबद्दल पुढे कोणी शंका घेणार नाही.

याच काळात खिशात मावणाऱ्या व्यक्तिचित्रांची लाट आली. पॅरिसच्या दिस्देरीने १८५४ साली एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याचे पेटंट घेतले आणि १८६० साली मेयॉलने काढलेली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाची अशी छायाचित्रे विक्रीस आली. घरच्या माणसांच्या संग्रहपुस्तकात राणी येऊन बसली, आणि तिच्याबरोबर कोरीव छापांवरून उतरवलेले जुने राजे व कवीही. ताईला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण ज्या पानावर आजोबांचा चेहरा आहे त्याच पानावर, त्याच आकारात चिकटवलेला चेहरा आजोबांइतकाच खरा वाटू लागतो.

गुरुवार : चॉटन

वॉटर्लू स्थानकावरून ऑल्टनला गाडीने तासाभराहून थोडे अधिक लागते. तिथून चॉटन गाव चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे. बस मिळते, पण पाऊस उघडला होता आणि रस्त्याकडेला प्रिमरोजची फिकट पिवळी फुले होती, म्हणून आम्ही चाललो. कादंबरीकार जेन ऑस्टेन जिथे आयुष्याची शेवटची वर्षे राहिली ते विटांचे घर १९४९ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. तिचे लिहायचे इवलेसे टेबल पाहून ताईचे डोळे भरून आले. जाणाऱ्यांनी वेळ आधी नोंदवून जावे, कारण खोल्या लहान आहेत आणि सोडतात ते थोड्या लोकांनाच.

मला इथे यायचे होते ते एका चेहऱ्यासाठी. २०१७ साली बँक ऑफ इंग्लंडने काढलेल्या दहा पौंडांच्या नोटेवर जेनचे चित्र आहे. मोठे डोळे, गोल गाल, झालरीची टोपी आणि प्रसन्न मुद्रा. तिच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटल्यावर, भाच्याने लिहिलेले चरित्र १८६९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यासाठी जेम्स अँड्र्यूज नावाच्या चित्रकाराकडून एक जलरंगचित्र करवून घेतले आणि त्यावरून कोरीव छाप काढला, तो हा चेहरा. आधार होता तो बहीण कॅसॅन्ड्राने सुमारे १८१० साली केलेल्या लहानशा रेखाटनाचा. छाप पाहून जेनच्या एका भाचीने मोकळेपणाने लिहिले होते की, चेहरा गोड आहे, मुळाशी फारसा जुळत नाही, पण लोकांना ते कळणार नाही. आणि लोकांना खरोखरच कळले नाही.

घरातल्या मार्गदर्शक बाई वयाने ताईएवढ्याच असतील. शेजारच्या उपाहारगृहात त्यांची पुन्हा गाठ पडली आणि गरम सूप व पावाबरोबर गप्पा झाल्या. त्या म्हणाल्या, "नोट हातात घेऊन लोक येतात आणि ही जेन कुठे बसत असे ते विचारतात. मी त्यांना टेबल दाखवते. पण या चेहऱ्याची बाई त्या टेबलाशी कधी बसली नव्हती, हेही सांगते." त्यांच्या या उत्तराचा मला फार आदर वाटला. बँकेनेही कॅसॅन्ड्राचे रेखाटन वापरायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. बारीक रेघांच्या छपाईला कोरीव छाप सोयीचा पडतो हे मान्य केले, तरी लाखो हातांतून जाणाऱ्या कागदावर जो चेहरा जातो तोच पुढच्या पिढ्यांच्या मनात राहतो, हे नोटा काढणाऱ्यांइतके कोणाला ठाऊक असणार?

शुक्रवार : पुन्हा गॅलरीत, संध्याकाळी

दिवस नदीकाठी फिरण्यात घालवून संध्याकाळी पुन्हा नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत गेलो. कॅसॅन्ड्राचे रेखाटन शोधताना आम्ही त्याच्यावरून एकदा पुढे निघून गेलो होतो, इतके ते लहान आहे. उंची साडेअकरा सेंटिमीटर आणि रुंदी आठ सेंटिमीटर. पडद्यावर वा पुस्तकाच्या पानभर मोठे केलेले पाहिले की पेन्सिलीच्या रेषा राकट आणि मुद्रा रागीट वाटते. प्रत्यक्षात ते एका बहिणीने दुसरीचे, हातभर अंतरावर बसून, पुसट हाताने केलेले काम आहे. दंडावर घडी घातलेले हात जेमतेम सूचित केले आहेत. घरातल्याच दुसऱ्या एका भाचीला हे रेखाटनही मुळीच सारखे वाटले नव्हते. तरीही जेन समोर असताना केलेले, चेहरा दिसणारे एवढेच चित्र आपल्याजवळ आहे, आणि आकार बदलल्याने त्याचा स्वभावच बदलतो हे समोर उभे राहिल्याशिवाय कळले नसते.

ब्राँटी या तिघी लेखिका भगिनींचे चित्रही तसेच. भाऊ ब्रॅनवेलने सुमारे १८३४ साली रंगवलेला हा कॅनव्हास घड्या घालून एका कपाटावर ठेवलेला होता आणि १९१४ साली सापडला. घड्यांच्या जाड रेघा बहिणींच्या अंगावरून आरपार गेल्या आहेत. मधोमध एक खांब आहे. ब्रॅनवेलने तिथे आधी स्वतःला रंगवले होते आणि मग खांबाने झाकून टाकले. रंग पारदर्शक होत गेल्याने त्याची आकृती आता धूसर दिसू लागली आहे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शार्लट, एमिली, ॲन अशा सुट्या सुट्या येतात. घड्या पुसल्या जातात आणि भाऊ तर कुठेच नसतो. त्या घरातले सर्वांत मोठे दुःख ज्या जागी दिसते, तीच जागा कात्रीत जाते. आम्ही तिथे असताना एक तरुण मुलगा आपल्या आईला फोनवरून ते चित्र दाखवत होता आणि "नाही, पूर्ण दाखवतो, थांब" असे म्हणून मागे मागे सरकत होता. ताईने त्याला हसून वाट करून दिली.

विन्स्टन चर्चिल यांच्याबाबतीत प्रश्न उलटा आहे. १९५४ साली त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त पार्लमेंटच्या सदस्यांनी ग्रॅहम सदरलंडकडून त्यांचे चित्र करवून घेतले. चर्चिल यांना ते आवडले नाही आणि पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते नष्ट करण्यात आले. गॅलरीत सदरलंडच्या पूर्वतयारीच्या अभ्यासचित्रांपैकी काही आहेत, पण पूर्ण झालेले चित्र आज आहे ते केवळ छायाचित्रांत. छायाचित्रे नसती तर त्या थकलेल्या वृद्धाची नोंदच राहिली नसती, आणि आपल्यापाशी उरला असता तो फक्त युसुफ कार्शने ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात टिपलेला कपाळाला आठ्या घातलेला झुंजार पंतप्रधान. त्या आठ्याही चर्चिल यांच्या तोंडातली सिगार कार्शने अचानक काढून घेतल्यामुळे उमटल्या होत्या. त्याच बैठकीत हसऱ्या चर्चिल यांचेही छायाचित्र निघाले होते. पाच पौंडांच्या नोटेवर मात्र आठ्याच गेल्या.

शनिवार : स्ट्रॅटफर्ड

मेरिलबोन स्थानकावरून स्ट्रॅटफर्डला जायला दोन तासांहून अधिक लागतात आणि बहुधा मध्ये गाडी बदलावी लागते. ऊन स्वच्छ पडले होते. होली ट्रिनिटी चर्चपर्यंत नदीकाठाने चालत जाता येते. शेक्सपिअरची कबर ज्या भागात आहे तिथे जाण्यासाठी देणगी द्यावी, अशी विनंती केली जाते.

शेक्सपिअर म्हणून जगभर छापला जातो तो बहुधा कानात बाळी घातलेला माणूस. १८५६ साली स्थापन झालेल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने संग्रहात घेतलेले हे पहिलेच चित्र. पण तो शेक्सपिअरच आहे हे सिद्ध झालेले नाही. दुसरा चेहरा १६२३ च्या समग्र नाटकांच्या आवृत्तीतील मार्टिन ड्रोशाउटच्या कोरीव छापाचा, ज्याच्या शेजारीच समकालीन नाटककार बेन जॉन्सनने वाचकाला चित्राकडे न पाहता पुस्तकाकडे पाहायला सांगितले आहे. तिसरा चर्चच्या भिंतीवरचा अर्धपुतळा, हातात लेखणी धरलेला. तोही १६२३ पर्यंत बसवला गेला होता, म्हणजे कवीला ओळखणारी माणसे गावात असताना. पुराव्याच्या दृष्टीने शेवटच्या दोघांचे वजन पहिल्यापेक्षा जास्त आहे.

तरी पुतळ्याच्या वाट्याला छापील नकलांनी काय आणले ते पाहण्यासारखे आहे. १६५६ साली विल्यम डगडेलच्या ग्रंथात त्याचे जे कोरीव चित्र आले, त्यात हातात लेखणीच नाही. माणूस दोन्ही हात उशीवर दाबून बसला आहे. त्या एका सदोष चित्रावरून पुतळा नंतर बदलला गेला, आणि पर्यायाने नाटके दुसऱ्याच कोणी लिहिली, असे तर्क आजवर लढवले जातात. १७९३ साली एडमंड मलोन या अभ्यासकाच्या आग्रहाने पुतळ्यावर पांढरा रंग फासण्यात आला आणि मूळच्या धर्तीवर तो पुन्हा रंगवला गेला १८६१ साली. छायाचित्रण जगासमोर आले १८३९ साली, म्हणजे त्याच्या पहिल्या दोन दशकांत कॅमेऱ्यासमोर होता तो पांढराफटक शेक्सपिअर.

चर्चमधल्या वृद्ध स्वयंसेवकांना ताईने विचारले, "आजोबा, तुम्हांला यांतला कोणता खरा वाटतो?" मी त्याचे इंग्रजी केले. भिंतीकडे बोट करून ते म्हणाले, "हा जाडसर गृहस्थ लोकांना आवडत नाही, कवी असा नसतो म्हणतात, पण याच्या बायकामुलांना रोज प्रार्थनेला येताना याच्याकडे पाहावे लागणार होते." ताईने त्या पुतळ्याचे चर्चमध्ये मिळणारे पोस्टकार्ड घेतले, मागे १६२३, १७९३ आणि १८६१ ही तिन्ही वर्षे लिहिली आणि आपल्या जुन्या शाळेच्या पत्त्यावर टपालात टाकले.